तात्यांची सावकाश भरणी

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ‘झालं का?’ असं विचारायला बंदी होती. बंदी तात्यांची. एकदा साक्षात कार्यकारी संचालकांनी दारातून विचारलं, तर तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना चक्क चपला काढायला लावल्या! मी तेव्हा नवा. मीही पटकन माझ्या काढल्या.

तात्या मूळचे निमगाव केतकीचे, आता कारखान्याच्या वसाहतीत राहणारे. काम एकच. वजनकाट्यावरून फ्लॉपीत आलेली उसाची वजनं डेटाबेसमध्ये भरायची. त्यांच्या पद्धतीत फ्लॉपीतल्या टेबलातून, म्हणजे तक्त्यातून, डेटाबेसच्या टेबलात एकेक नोंद जायची. मशीन दर नोंदीला ऊस कुठल्या सभासदाचा ते तपासणार, इंडेक्स म्हणजे शोधायची सूची लावणार, मग पुढची घेणार. बाहेर गव्हाणीत उसाच्या गाड्यांवर गाड्या रिकाम्या व्हायच्या आणि इथं दुपारची भरणी दिवेलागणीपर्यंत रखडायची. तात्या शेजारी बसून म्हणत, “दमानं घे बाबा, पाठीमागं कोण लागलंय?” हे मशीनला!

एके दिवशी मला राहवेना. तात्या जेवायला गेल्यावर मी तीच वजनं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये उतरवली, इंडेक्स काढून ठेवले आणि अख्खी फाईल एका दमात टेबलात ओतली. तपासणी आणि इंडेक्स शेवटी, एकदाच. तात्या हात पुसत परतले तेव्हा काम खलास.

“तात्या, झालं!”

ते मटकन खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक. मी घाबरून पाणी आणलं. वाटलं, काहीतरी चुकलं. सगळी वजनं ताडून दाखवली.

“वजनं बरुबर हायती, गड्या. ही फाईलची युगत मला ठाव हाय. पयल्याच हंगामात करून बघितली हुती.”

मी उडालोच. “मग इतकी वर्षं हे रडगाणं कशाला?”

“लवकर घरी जाऊन करू काय? तुजी काकू हुती तवा सुटायची वाट बघायचो. आता कुलूप मीच लावतो, मीच काढतो. हितं मशीनची घरघर तरी असती सोबतीला.”

या माणसावर आम्ही सगळे किती हसायचो!

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी आली. तात्यांनी ती हातात धरून माझ्याकडं बघितलं.

“टेबलातूनच भरा,” मी म्हणालो आणि खुर्ची ओढून शेजारी बसलो. “मलाही घरी जायची घाई नाही.”

त्या संध्याकाळी बायकोला बारामतीच्या बाजारात न्यायचं मी कबूल केलं होतं.