वानखेडे सर आणि जिवंत ऑस्क्युलम

वानखेडे सरांकडे नवा माणूस आला की ते त्याच्यापुढे समुद्री स्पंजाचं चित्र धरतात. वरच्या मोठ्या भोकावर बोट ठेवून विचारतात, "हे काय?"

समोरचा म्हणतो, "तोंड."

सर कपाळावर हात मारतात. "तोंड नाही ना बाप्पा ते! पाणी बाहेर फेकाचं दार आहे. ऑस्क्युलम! आत यायले अंगभर बारीक छिद्रं, अन् बाहेर जायले हे."

आमच्या कॉलनीत कुरिअरवाल्यालाही हे पाठ आहे.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका माठाला बारीक भोकं पाडली, आत कुलरचा पंप बसवला आणि माठ टबात बुडवला. भोकांजवळ नीळ सोडली की वरून निळी धार उसळायची. पंप घरच्याच कुलरचा, आणि महिना मे. "माणसं उकडून राहिले, अन् यांच्या माठाले पंप!" वानखेडे काकू अंगणातून सगळ्यांना ऐकवायच्या. सर मान वर न करता म्हणायचे, "पाच मिनिटं वं."

पण जिवंत ऑस्क्युलम सरांनी कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर शिकवलं ते बरणीतल्या वाळक्या नमुन्यांवर.

यंदा माझी बायको, सुनीता, गेली. धंतोलीच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं, माणसं आली, बसली, गेली. मी सगळ्यांना पाणी विचारत होतो. रडू काही आलं नाही. महिनाभराने सर येऊन म्हणाले, "माझ्यासंगं मालवणले चला. खडकावर मले एकट्याले जमत नाही, गुडघे साथ देत नाहीत." मी गेलो.

ओहोटीला खडकांमधल्या डबक्यात केशरी स्पंज दिसला. सर हरखून गुडघ्यांवर बसले. "धरा गा मले मागून. भरती आली की खेळ खल्लास." त्यांनी खिशातून निळीची बाटली काढली. ऊन चढलं होतं आणि त्यांचं टक्कल तापून लाल झालं होतं.

"सर, डोक्याला दुपट्टा बांधा," मी म्हणालो.

ते सुनीताचं वाक्य होतं. उन्हात निघणाऱ्या कोणालाही ती तसं सोडत नसे, मग तो गॅस सिलिंडरवाला का असेना. माझा हात सुटला. मी तिथेच ओल्या खडकावर बसलो आणि रडू लागलो. मला ते थांबवता येईना.

सरांनी बाटलीचं बूच लावलं. डबक्याकडे पाठ करून ते माझ्याशेजारी पाण्यात बसले. हळूहळू लाटा खडकावर चढल्या. मी डोळे पुसले तोवर डबकं राहिलं नव्हतं, सगळीकडे समुद्रच होता.

"सर, तुमचं बघायचं राहिलं."

"उद्या येऊ नं," सर म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेत उठले.

परतीची गाडी त्याच दिवशी संध्याकाळी होती. तिकिटं त्यांच्याच खिशात होती.