सत्यवतीबाई परुळेकर जामीन राहिल्या त्याची हकीकत

श्री. जो विघ्ने हरितो आणि परमुलखी गेलेल्या लेकरांवर नजर ठेवितो त्यास प्रथम नमन करून लिहिणे ऐसे जे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सराचे नांव क्रोधी, परंतु त्यात घडले ते मायेचे, म्हणोन लिहावयास बसलो. समुद्रापलीकडे एक थोर राज्य, तेथे हिमवृष्टी बहुत आणि कायदे त्याहून बहुत. त्या राज्याची रयत हेमांगीबाई परुळेकर. बाईंचे यजमान नितीनराव पाच वर्षांमागे दुखण्याने कैलासवासी जाहले, आणि बाई सासूबाईंपाशीच राहिल्या. सासूबाई सत्यवतीबाई मूळच्या मालवणच्या, मोठ्या करारी, आणि त्यांनी त्या थंड मुलखात माशांची खानावळ घालून ती ऐसी चालविली की गोरे लोकही सोलकढीस चटावले. मग हेमांगीबाई एका लग्नानिमित्त वेंगुर्ल्यास गेल्या, तेथे होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे रूपेशराव यांची गाठ पडली, आणि पुढले खेपेस जाऊन बाईंनी त्यांजशी विवाह केला. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. घरात मीठ आणि चावी याखेरीज बोलणे राहिले नाही.

आता रूपेशरावांस राज्यात आणावे तर कायदा आडवा आला. जो कोणी परमुलखीचा जोडीदार आणील त्याने त्यास पोसण्याजोगी मिळकत दाखवावी, न दाखविता आल्यास एका मिळकतदाराने जामीन राहावे, आणि जामीन ऐसा की पुढे नवराबायकोचे फाटले तरी त्याची सुटका नाही. हेमांगीबाई लोकांची पोरे सांभाळीत, त्यात त्यांचेच कसेबसे भागे. जामीन न मिळता तर रूपेशराव वेंगुर्ल्यास आणि बाई हिमात, ऐसाच संसार होता. सासूबाईंस विचारावे तर ज्या माउलीचा लेक गेला तिजपाशी दुसऱ्या नवऱ्यासाठी काय तोंडाने मागावे! म्हणोन बाईंनी आपले मराठी मंडळ गाठले.

मंडळाने मसलत केली. आमचे लोक गणपती आणोत की नाटक करोत, वर्गणीवाचून दुसरी तोड त्यांस ठाऊक नाही. तेव्हां ठरले ऐसे की जामीनकीचीही वर्गणी करावी, प्रत्येकाने झेपेल तेवढा जामीन द्यावा आणि सगळे मिळून एक सबंध जामीन करावा. खजिनदार श्रीनिवासराव बेहेरे घरोघर हिंडले, आणि हिंडता हिंडता कोणाच्या दारी आलो याचे भान न राहून थेट सत्यवतीबाईंच्या खानावळीत शिरले.

"काकू, नावापुरती सही करा. तुम्हाला झेपेल तेवढाच भार घ्या," ऐसे खजिनदार बोलिले.

बाई सुरमई कापीत होत्या. हात थांबला. "थोडो थोडो जामीन? माणूस तरी थोडो थोडो येता काय रे? आदी हात येतले नि मागसून पाय येतले? चल, भायर हो!"

खजिनदार सुरीकडे पाहून निघाले. मग मंडळी सह्यांचा जुडगा घेऊन कचेरीस गेली. अंमलदाराने तो पाहिला, परत पाहिला, आणि आज्ञा केली की या राज्यात जामिनाचे तुकडे चालत नाहीत, एकाने सगळा भार उचलावा, कोण उचलतो ते सांगा. तेव्हां सबबी सुरू जाहल्या. एकाची कन्या उपवर निघाली, एकाचे घर अपुरे निघाले, एकास तेथेच पाठदुखीने गाठले. लोक वाईट नव्हते, परंतु सर्वांचा होता तो भार एकाचा म्हणताच जड जाहला. हेमांगीबाई घरी आल्या आणि त्यांनी रूपेशरावांस फोनवर सांगितले, "माझी वाट बघू नका हो. मी काय तुम्हाला आणू शकत नाही." आणि बहुत रडल्या.

दुसरे दिवशी सकाळी सत्यवतीबाई जरीकाठी लुगडे नेसून, वर जाड कोट घालून उभ्या राहिल्या. "चल," एवढेच म्हणाल्या. सून मागून चालली, कोठे ते विचारण्याची छाती जाहली नाही. बाई थेट कचेरीत अंमलदारापुढे जाऊन बसल्या. अंमलदार मनुष्य बरा होता. त्याने दुभाष्याकरवी बजाविले की, बाई, उद्या ही दोघे भांडून वेगळी जाहली तरी तुम्ही बांधलेल्या. हा पुरुष तुमचा कोण लागतो?

बाई दुभाष्याकडे वळल्या. "सांग तेका, हो माझो कोण नाय. माझो झील गेलो, ही तेची बायल. तो गेल्यापासून हिचा हसणा मी ऐकूक नाय. आता त्या फोनार बोलताना हसता, भिंतीपलीकडे माका ऐकाक येता. पयलो राग इलो. खूप राग इलो. मगे वाटला, हिणा तरी किती दिस माझ्यावांगडा बसान रडाचा? आण हय, खय सही करूची ती दाखव."

दुभाषी परप्रांतीचा, त्यास निम्मेच समजले, त्याने निम्मेच सांगितले. परंतु अंमलदाराने बाईंचे तोंड पाहिले आणि पुढे काही विचारिले नाही. बाईंनी सगळा भार एकटीने उचलून सही केली.

पुढे परवाना जाहला आणि रूपेशराव विमानतळी उतरले. दरवाजातून एक ट्रंक ओढीत बाहेर आले, थंडीने कुडकुडत, आणि हेमांगीबाईंस पाहून जागीच थांबले. बाईही सासूबाईंच्या शेजारी खिळून राहिल्या. त्या माउलीदेखत आनंद कसा करावा हे त्यांस समजेना, म्हणोन मान खाली घातली. सत्यवतीबाईंनी एकवार सुनेस पाहिले, एकवार त्या पुरुषास पाहिले, आणि सुनेच्या पाठीस हात लावून तिला पुढे लोटिले.

"जा गो. धाव. माझ्याकडे काय बगतंस?"

सून धावली. बाईंनी तोंड भिंतीकडे केले आणि उभयतांचे बोलणे सरेपर्यंत वळविले नाही.

येणेप्रमाणे एक मनुष्य राज्यात दाखल जाहला. मंडळाची मसलत फसली, सत्यवतीबाईंची फत्ते जाहली. लढाया लिहिणारे बहुत आहेत, त्यांनी लढाया लिहाव्या. आम्हांस ही बाई थोर वाटली म्हणोन ही लिहिली. बहुत काय लिहिणे, येथे पुरे.