आधी काढा, मग कबड्डी

धर्मादादा कबड्डीच्या मैदानावर थर्मास घेऊन येतात. त्यात चहा नसतो. मार बसायच्या आधी मेंदूला द्यायचं औषध असतं.

किहीमला दादांचे दोन डंपर आहेत आणि गावच्या संघाचे ते स्वयंघोषित वैद्य आहेत. "डोकं म्हंजे नारल. फुटल्यावं मलम कुटं लावशील? आधीच आतून अस्तर घाल!" हा त्यांचा सिद्धांत. काढ्याला हिंगाचा वास आणि गंजाची चव आहे. तो पंचांनाही चुकलेला नाही. एका उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी तीर्थ समजून हात पुढे केला. त्या दिवशी त्यांचं भाषण फार थोडक्यात आटोपलं.

नुसता पेला रिकामा करून सुटका होत नाही. दादा खेळाडूला समोर बसवतात, डोळ्यांत रोखून बघतात आणि विचारतात, "सकाली काय जेवलास?" पोरं याची नक्कल करतात. कधीकधी दादांसमोरच.

यंदाच्या अंतिम सामन्याची बातमी करायला मी गेलो होतो. शेवटच्या मिनिटांत निलेशचं, म्हणजे संघाच्या हुकमी चढाईपटूचं, डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला, हसला, मांडीवर थाप मारली. कर्णधाराने वेळ मागून घेतली आणि दादा थर्माससकट आत शिरले.

"सकाली काय जेवलास?"

"भाकरी."

"कशासंगती?"

निलेश नुसता बघत राहिला. त्या सकाळी तो दादांच्याच घरी जेवला होता.

"चल, भाईर बस."

कर्णधार ओरडला, "दादा, येका गुनाचा सवाल हाय! मंग काढा कशाला पाजला?"

दादांनी निलेशचा दंड सोडला नाही. चषक गेला.

त्याला तपासायला अलिबागला नेताना गाडी मी चालवत होतो. मागे दादांच्या खांद्यावर त्याचं डोकं. काढ्यात काय असतं, ते मी विचारलं.

"सुंठ, गूल, ब्राह्मी, हिंग."

"त्यानं मेंदू वाचतो?"

"न्हाय वो. पन नुसतं 'डोले दाखव' बोललो तर पोरं पलतात. पेला धरला का समोर बसतात." त्यांनी निलेशचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. "माजा धाकटा भाव असाच हसत उठलेला. परत खेललेला. त्याला कोनी काय इचारलंच न्हाय."

दवाखान्याचा फाटा आला, तेव्हा निलेश डोळे न उघडता म्हणाला, "दादा, भाकरीसंगती सुकट. काकीनं लसून जास्ती घातलेला."

दादा खिडकीबाहेर बघू लागले.

"जास्ती नवता," ते म्हणाले.