अण्णांनी अलॉट केलेली खोली

रविवारी सकाळी माझे सासरे, अण्णा, गेले. चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले.

फरीदाबादच्या आमच्या घरामागे बाग आहे आणि बागेत एक लाकडी केबिन. ती अण्णांनीच बसवून घेतली, पण तिच्यात शिरताना ते दार वाजवत. आतून "या" ऐकू आलं नाही, तर जानेवारीच्या धुक्यातही कानटोपी घालून बाहेर उभे. हातात स्वतःचा कप. "पाहुण्यानं भांडी वाढवू नयेत," म्हणत.

आत त्यांची मुलगी नंदा राही. लग्न मोडून ती माहेरी आली तेव्हा घरात खोल्या दोन आणि माणसं पाच. ती हॉलमधल्या दिवाणावर झोपे. बॅगेतले कपडे बॅगेतच. "वहिनी, दिल्लीत मयूर विहारला खोली बघतेय. तुम्हा लोकांना अडचण नको," असं मला रोज सांगे. अण्णा पेपरामागून ऐकत. थोड्याच दिवसांत फाटकाशी ट्रक आला आणि केबिन उतरली. नंदा तिथं राहायला गेली, पण बॅग काही उघडेना.

अण्णांची सगळी नोकरी केंद्र सरकारात झाली. त्यामुळे आमच्या घरात कुणाला काही दिलं जात नसे, ते 'अलॉट' होई. खिडकीजवळची खुर्ची माझ्या लेकीला अलॉट, बातम्यांपुरता रिमोट माझ्या नवऱ्याला. कुणी दुसरा गुलाबजाम मागितला की "नियमात बसत नाही" म्हणत आणि स्वतःच वाढत.

दिल्लीकडच्या मराठी घराला पाहुणा तिकीट काढल्यावर कळवतो. अण्णांचे साताऱ्याचे चुलतभाऊ बबनकाका तसेच काकूंना घेऊन आले. पानिपतला जाऊन काला अंब, तिथलं मराठ्यांच्या लढाईचं स्मारक, बघायचं होतं. बागेत डोकावून काका खूश झाले.

"वा! आमची सोय करून ठेवलीस की रे!"

"ती अलॉट झालीय."

"कुणाला?"

"नंदाला."

"अरे, पोरगी झोपेल की दोन दिवस हॉलमध्ये. घरचीच आहे."

"नियमात बसत नाही."

"कसला डोंबलाचा नियम! भाडेकरू आहे का ती तुझी?"

"मालकीण आहे," अण्णा म्हणाले आणि आपली गादी उचलून हॉलमध्ये गेले. त्यांच्या खोलीत काका निवांत घोरले. अण्णा दिवाणावर पाय दुमडून पडले.

हे बोलणं चाललं तेव्हा नंदा बागेत कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तर बॅग पलंगावर उघडी. मला वाटलं, निघाली. ती कपाटात कपडे लावत होती.

"वहिनी, ही कडी बघितलीस?"

दाराला आतून कडी होती. बाहेरून नव्हतीच.

सासरी तिच्या खोलीला कडी बाहेरून होती. आल्यावर एकदाच, जेवताना, ती हे बोलली होती. अण्णांनी तेव्हा फक्त ताक मागितलं होतं.

आता अण्णा नाहीत. घरात आम्ही चौघं आहोत. त्यातली एक बागेत राहते.