ड्राफ्टनं आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही!

"शालनमावशी, पाठवलेल्या मेलनं माणसाचं वाटोळं होतं. पण ड्राफ्टनं आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही!"

हे वाक्य माझं. नवरात्रातल्या सप्तमीला, दुपारी तीन वाजता, खुर्चीत रेलून, पायावर पाय टाकून मी ते म्हटलं. त्यानंतर आजतागायत पुन्हा म्हटलेलं नाही.

मी ज्योतीराम. मूळचा उदगीरचा, राहायला चिखलीला आणि कामाला चाकणच्या पुढे बबनरावशेठच्या प्रेसशॉपमध्ये. तिथे पत्रा दाबून गाड्यांचे बारीकसारीक पार्ट बनतात. मी ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळतो. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो आणि सहावा महिना नेमका दसऱ्याला संपत होता. पुढे परमनंट करायचं की ब्रेक देऊन घरी बसवायचं, हे शेठ दसऱ्याला सांगणार होते. याआधी दोन कंपन्यांनी मला सातव्या महिन्याच्या तोंडावर ब्रेक दिला होता. त्या ब्रेकवर मी अजून आहे! माझे सासरे दर रविवारी फोन करतात आणि तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "जावईबापू, परमनंट झालात का?"

तेव्हा काहीतरी करून दाखवणं भाग होतं. संधी चालून आली ती खंडेनवमीची. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुऊन-पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. गिऱ्हाईक, पत्रेवाले, टेम्पोवाले, सगळ्यांना बोलावणं असतं. दरवर्षी शालनमावशी एकेकाला फोन करायच्या आणि त्यांचा घसा दिवाळीपर्यंत बसलेला असायचा. मावशी इथे पंधरा वर्षं डिस्पॅच बघतात. चिखलीच्याच जुन्या घरातल्या, शेठच्या भावकीतल्या.

"मावशी, यंदा फोन नाही. एकशे शहाऐंशी मेल मी दोन मिनिटांत तयार करतो."

"दोन मिन्टात? आन टायपिंग कोन करनार?"

"कोणी नाही!"

आता हे जरा समजून घ्या. मेलच्या सेवेला दोन दारं असतात. पुढच्या दारानं आपण माणसं जातो, एकेक अक्षर बडवत. मागच्या दाराला एपीआय म्हणतात, तिथून प्रोग्रॅम जातो. त्याला यादी द्यायची, मजकूर द्यायचा, आणि तो आत जाऊन प्रत्येकाच्या नावाचा ड्राफ्ट करून ठेवतो. माझा प्रोग्रॅम फक्त ड्राफ्ट करणार होता. त्यात 'पाठव' अशी ओळच नव्हती! शेठनी ड्राफ्ट वाचायचे, मान डोलवायची, मग पाठवायचे. इतका सावध माणूस मी.

मी बटण दाबलं आणि खरं सांगतो, माझ्याच अंगावर काटा आला. ड्राफ्टच्या पेटीतला आकडा आपोआप वाढायला लागला. सात. एकोणीस. चौपन्न. कीबोर्डला कुणाचा हात नाही आणि ओळीखाली ओळ उमटतेय! मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि स्क्रीनला हात जोडले.

"आगं आई! ह्ये कोन लिव्हतंय रं?"

"मी!" मी म्हणालो. खरं तर मलाही ते पटत नव्हतं.

एकशे शहाऐंशीवर आकडा थांबला. मी पहिला ड्राफ्ट उघडला. 'श्री. धोंडीबा, कॅन्टीनवाले, यांस सप्रेम नमस्कार.' नाव बरोबर, हुद्दा बरोबर. झालं! घरी येऊन बायकोला सांगितलं. योगिनी माणला आयटी कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका शोधते. घरी आली की माझ्या शोधते.

"किती उघडून बघितलेस?"

"एक."

"एक? निदान दहा तरी बघायचेस!"

"अगं, भाताचं एक शीत बघतात. अख्खं पातेलं चिवडत नाहीत!"

ती उठून कुकर लावायला गेली. ती वाद सोडून उठते तेव्हा मी घाबरायला हवं, हे मला लग्नाच्या सहा वर्षांत कळायला हवं होतं.

अष्टमीला माझी सुट्टी होती. नवमीला सकाळी आठला ऑफिसात पोचलो. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, माउसला हळदकुंकू. स्क्रीनच्या कपाळावरही कुंकवाचं एक बोट होतं. मी ते चुकवून ड्राफ्टची पेटी उघडली.

शून्य.

"मावशी! ड्राफ्ट कुठे गेले?"

"पाठीवले की," मावशी तोरण बांधता बांधता म्हणाल्या.

"पाठवले? कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? खंडेनवमीच्या आदी अर्धवट काम ठिवायचं न्हाई, ह्यो हितला नेम हाय. प्रेसवर अर्धा दाबल्याला पत्रा ऱ्हाऊ देत न्हाईत, मंग तुज्या पेटीत एकशे शहाऐंशी अर्धी कामं पडल्याली! अर्धवट कामाची काय पूजा करायची व्हय?"

"सगळे? एकेक करून?"

"एकेक वाचून. सकाळी धापासनं बसले ती दिवेलागणीला उठले. लई ब्येस लिव्हलंय पर. शेठचंच बोलनं, जसंच्या तसं. म्हनलं, त्येनीच तुला घालाय सांगितलं आसंल."

शेठचं बोलणं? माझ्या मजकुरात शेठचं एक अक्षर नव्हतं! मी पाठवलेल्या मेलची पेटी उघडली आणि वाचलं:

'श्री. जयदीप, गाडी निघाली म्हणतो तवा आंगुळीला गेल्याला असतो, यांस सप्रेम नमस्कार.'

पुढचा उघडला.

'श्रीमती जयमाला, हिच्याशी घासाघीस करू नये, आपुनच हारतो, यांस सप्रेम नमस्कार.'

हुद्द्याच्या जागी हे काय? मी मावशींची यादी उघडली. नाव, पत्ता, हुद्दा. तिसऱ्या रकान्यात हुद्दा, स्वच्छ दिसत होता.

"मावशी, यात अजून काही आहे का?"

"शेठचा शेरा हाय की. कुनाशी कसं वागायचं ते. पंदरा वर्सं त्ये सांगत्यात आन मी लिव्हते. आल्यागेल्याच्या नजरंला पडू नये म्हनून रकाना झाकून ठिवलाय."

झाकून! माणसाला झाकलेला रकाना दिसत नाही, प्रोग्रॅमला दिसतो. मी डोळ्यांनी मोजून 'तिसरा रकाना' सांगितलं होतं, त्यानं इमानदारीनं मोजून तिसरा घेतला. शेरा! धोंडीबाच्या शेऱ्यात नुसतं 'कॅन्टीनवाले' होतं, कारण त्याच्याविषयी शेठना म्हणण्यासारखं काही सापडलंच नव्हतं. आणि मी नेमकं तेच शीत दाबून बघितलं होतं.

मी घाईघाईनं धम्मपालसाहेबांचा मेल शोधला. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची कंपनी, आणि हे तिथले क्वालिटीचे प्रमुख. त्यांनी एक पार्ट नाकारला की आमच्या शॉपमध्ये कुणाला जेवण जात नाही.

'श्री. धम्मपाल, कधी हसत न्हाई. माल परत करतो. पन बरोबर असतो, यांस सप्रेम नमस्कार.'

आता उत्तरं बघितली. त्रेचाळीस उत्तरं आली होती. शिवी एकही नव्हती. प्रत्येकात एकच शब्द. 'येतो.' 'येतोच!' 'येतो, भेटून बोलू.' धम्मपालसाहेबांचं उत्तर मात्र होतं, 'अकरा वाजता.'

शेठ रागावून काढतील त्याआधी आपण निघालेलं बरं, असं ठरवून मी राजीनामा लिहिला. मनापासून लिहिला. 'एकशे शहाऐंशी ड्राफ्टपैकी मी एकच उघडून बघितला. चूक सर्वस्वी माझी आहे. अशा माणसाला परमनंट करू नये. माझा राजीनामा स्वीकारावा. आपला, ज्योतीराम.' पण हिंमत होईना. सासऱ्यांचा रविवार डोळ्यांपुढे आला. मग पत्त्याची जागा रिकामी ठेवली, म्हणजे चुकूनही कुठे जायला नको, आणि मेल ड्राफ्टमध्ये ठेवून दिला. आपलाच सिद्धांत!

साडेदहापासून माणसं यायला लागली. दरवर्षी साठ-सत्तर येतात. यंदा पार्किंग भरलं, गेटबाहेर रस्त्यावर गाड्या लागल्या आणि तरी येतच होती! आधी टेम्पोवाला जयदीप आला, केस ओले.

"कुठंय शेठ? सांगा त्यास्नी, आज आंघोळ करून मगच निघालो म्हणलं!"

त्याच्यामागून जयमालाबाई. चिखलीत त्यांचं प्लेटिंगचं वर्कशॉप आहे. हातात पेढ्यांचा मोठा पुडा होता.

"बबनराव, हरता हे लेखी दिलंत! आता हे फ्रेम करून गल्ल्यावर लावते!"

शेठ बावचळले. रेशमी कुडता, कपाळाला टिळा आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही कळत नसल्याचा भाव. मी हायड्रॉलिक प्रेसच्या मागे, झेंडूच्या माळांत तोंड लपवून उभा होतो.

बरोबर अकराला धम्मपालसाहेब आले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मेलची प्रत!

"बबनराव, हे तुम्ही म्हणालात?"

शेठनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला प्रेसमागून दिसल्या. पन्नास माणसांचं पोट ज्या गिऱ्हाइकावर चालतं, त्याच्यापुढे ते उभे होते. सरळ म्हणता आलं असतं, ऑफिसातल्या गड्यानं गोंधळ घातला. कुणीही तेच म्हटलं असतं.

"व्हय," शेठ म्हणाले. "मीच म्हनलो. आन त्यातलं येक अक्षर मागं घ्यायचं न्हाई."

धम्मपालसाहेबांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"बावीस वर्षं माल परत करतोय. शिव्या पुष्कळांनी दिल्या. पण 'बरोबर असतो' हे अजून कोणी म्हटलं नव्हतं. हा कागद मी ठेवून घेतो."

आणि ते हसले! मी स्वतः बघितलं. शालनमावशींचं म्हणणं तो धुपाचा ठसका होता, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

मग आवारात जो गलका उठला! लोक एकमेकांना आपापले शेरे वाचून दाखवत होते, टाळ्या देत होते, "माझा ऐका, माझा ऐका" म्हणून ओरडत होते. मी थक्क होऊन बघत राहिलो. पंधरा वर्षं एक माणूस सगळ्यांना इतकं नीट बघत होता, आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता! खरं यंत्र माझ्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच, ते रेशमी कुडता घालून उभं होतं.

"ज्योतीराम!" शेठनी हाक मारली. "मशिनीमागनं भाईर ये. तुजी मेल वाचली का?"

"माझी?"

"यादीत तुजं बी नाव हाय की, लेका. वाच. हितं, मोठ्यानं."

मोबाईल काढला. भीतीनं मी सकाळपासून माझी स्वतःची पेटी उघडलीच नव्हती.

"'श्री. ज्योतीराम, दसऱ्याला परमनंट करायचं. आदी सांगायचं न्हाई, शेफारंल, यांस सप्रेम नमस्कार.'"

टाळ्या पडल्या! जयदीपनं मला उचललं. जयमालाबाईंनी तोंडात पेढा कोंबला. डोळे पुसत मी सासऱ्यांचा नंबर लावणार, तेवढ्यात आवारात आवाज झाला. टिंग. मग टिंग-टिंग. मग शंभरेक खिशांतून एकदम टिंग!

सगळ्यांनी फोन काढले. सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ऑफिसाच्या दारातून शालनमावशी पदराला हात पुसत, समाधानानं बाहेर आल्या.

"पूजेच्या आदी म्हनलं पेटी बगावी, तर येक ऱ्हायलंच व्हतं! त्याला पत्ता बी न्हवता. म्हनलं, तुज्या मशिनीकडनं सुटला आसंल. म्हनून समद्यास्नी लावून दिलं!"

शेठनी राजीनामा जागीच नामंजूर केला, हे खरं. पण ते त्यांनी तोंडी केलं, आणि माझा गेला लेखी. आज चार महिने झाले, मी परमनंट आहे आणि रोज कामावर जातो. तरी अख्ख्या चाकणात मी नोकरी सोडलेला माणूस आहे. टपरीवर लोक खांद्यावर हात ठेवतात, "होईल कुठंतरी, भावा."

त्या राजीनाम्याला लेखी उत्तर मात्र एकशे शहाऐंशी जणांपैकी एकानंच दिलं. धम्मपालसाहेबांनी.

'राजीनामा वाचला. कारण बरोबर आहे.'