गाल रिकामे करा

माझी बायको सुधा मंगळवारी गेली. बुधवारी सकाळी सात वाजता विनूभाऊ वजनकाटा घेऊन आमच्या दारात उभे होते.

डोळ्यांखाली मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातात काठी. करोनाची दुसरी लाट होती. मीही तापात होतो. सुधाला नेलं तेव्हा चार मिनिटांवरच्या मणिकर्णिकेच्या स्मशानघाटापर्यंत मला जाता आलं नव्हतं. विनूभाऊंनी काटा उंबऱ्याच्या आत ठेवला, काठीने माझ्याकडे ढकलला आणि मागे सरून म्हणाले, "आप्पा, रडायचं तेवढं रडा. पण आधी यावर उभे राहा."

मी उभा राहिलो. त्या दिवसांत कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं. मी आकडा वाचला, त्यांनी एका लांबट वहीत तो लिहिला आणि ते निघून गेले. सांत्वनाचा एक शब्द नाही.

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर आहेत. विनूभाऊंचे वडील तीर्थपुरोहित. यजमानांची नावं, गावं, गोत्रं लिहिलेल्या त्यांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. विनूभाऊंनी पुरोहितपण केलं नाही, पण वह्या ठेवल्याच. फक्त त्यांचे यजमान पिंजऱ्यात राहत. इथल्या एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात ते अडतीस वर्षं होते. रोज सकाळी प्रत्येक प्राण्याला उचलायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. तिथे माणसांशी ते हिंदी बोलत, प्राण्यांशी मराठी. "मराठी बोलणारे आपण थोडे," ते म्हणत, "त्यांनी तरी शिकावी."

त्यांचं एक ठाम मत होतं. "जनावर 'मला बरं वाटत नाही' असं सांगत नाही. माणूस सांगतो, पण खोटं सांगतो. वजन कुणाचंच खोटं बोलत नाही." या मतापायी त्यांचं लग्न राहिलं. मुलगी बघायला गेले होते. मुलीने पोहे आणून दिले आणि यांनी काळजीने विचारलं, "गेल्या आठवड्यापेक्षा उतरलंय का हो?" त्यानंतर कुठल्याच घरी पोहेही मिळाले नाहीत.

करोना आला आणि विनूभाऊंच्या अंगात वारं शिरलं. पहिली टाळेबंदी उठल्यावर ते चहाच्या टपरीवर उभे राहून सगळ्या गल्लीला विज्ञान शिकवायचे.

"विषाणूकडे किल्ली आहे. आपल्या पेशीला कुलूप आहे. किल्ली बसली की हा आत! आता साधा उंदीर घ्या. त्याचं कुलूप वेगळं, या किल्लीने उघडतच नाही. उंदीर मजेत! मग त्याच्यावर काय शिकणार, कपाळ? एक तर माणसाचं कुलूप बसवलेला उंदीर तयार करा, नाही तर आपल्यासारखंच कुलूप असलेला प्राणी शोधा."

"मग बंदर पकडा ना, महाराज," दूधवाला रामधनी म्हणाला. "यहाँ कमी थोड़े है."

"माकडांवरही करतात काम. पण काशीचं माकड आधी प्रयोग करणाऱ्याचा चष्मा पळवेल! आपला खरा माणूस म्हणजे हॅमस्टर." इथे त्यांचा आवाज चढायचा. "उंदराचा गुबगुबीत भाऊबंद, मुठीत मावेल एवढासा. पण रोग घेतो आपल्यासारखा. फुफ्फुस सुजतं आपल्यासारखं. शेजारच्याला देतोही आपल्यासारखाच! आणि वरून बघाल तर ठणठणीत. कळतं कशावरून?"

"वजनावरून!" सगळी टपरी एका सुरात ओरडायची.

"शाबास! पाचसहा दिवस उतरतं. मग थांबतं. मग एके सकाळी चढतं. अरे, ती सकाळ बघायला हवी तुम्ही!"

अशा एका सकाळी त्यांची मोठी फजिती झाली होती. चौदा नंबरचा म्हातारा हॅमस्टर दिवसेंदिवस उतरत होता. म्हाताऱ्यांना बरं व्हायला वेळ लागतो. एकाएकी त्याचं वजन चढलं. विनूभाऊंनी आनंदाने प्रयोगशाळेत जिलेबी वाटली. दुपारी बघतात तर चौदा नंबरने कोपऱ्यात जाऊन दोन्ही गालांतून सूर्यफुलाच्या बियांचा ढीग बाहेर काढलेला. हॅमस्टरच्या गालांत पिशव्या असतात. पठ्ठ्याने न खाता सगळं त्यांत साठवलं होतं. आजारी तो आजारीच. खाल्लेली जिलेबी परत मागता येईना. तेव्हापासून वजनाआधी विनूभाऊंचा एकच हुकूम: "गाल रिकामे करा."

दर मंगळवारी माझं वजन होऊ लागलं आणि हा हुकूम मलाही लागू झाला. माझा ताप गेला, जेवण मात्र परत आलं नाही. सुधाशिवाय ताटावर बसणं मला जमेना. विनूभाऊ डबा आणत, संध्याकाळी परत नेत आणि उरलेलं अन्नही तोलत. "आप्पा, दोनशे वीस ग्रॅम खिचडी दिली, दोनशे दहा परत आली. दहा ग्रॅमवर उंदीर जगेल."

खिचडी भयंकर असे, हेही नमूद करतो.

त्यांचा पिच्छा सोडवायला मी एका मंगळवारी लबाडी केली. जन्मभर ग्रंथपाल होतो. मला एकच युक्ती सुचली. शालीखाली, पोटाशी, संस्कृत शब्दकोश बांधला. काट्यावर उभा राहिलो. विनूभाऊंनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, माझ्याभोवती एक फेरी मारली.

"गाल रिकामे करा, आप्पा."

मी शाल काढली. कोश धपकन पायांवर पडला आणि मी कळवळलो. विनूभाऊ आधी हसले, मग मीही हसलो. सुधा गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता रडलो, ते मात्र त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. कोश उचलून तो तोलत बसले. "दीड किलोची विद्या आहे," म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर मी अर्धी वाटी खिचडी संपवली.

पुढच्या मंगळवारी काटा तीनशे ग्रॅम वर गेला. विनूभाऊंनी माझे खिसे तपासले, चष्मा काढायला लावला, परत तोललं. मग दारात जाऊन गल्लीभर ओरडले, "चढलं!"

"का गुरू, चढ़ गइल?" रामधनी खालून ओरडला. वरून कुणी टाळ्या वाजवल्या. या वेळी वाटलेली जिलेबी पचली.

मी आजारपणाआधीच्या वजनावर आलो त्या दिवशी विनूभाऊंनी वही माझ्यापुढे ठेवली. "घ्या, तुमचं प्रकरण बंद." पानांवर माझे आकडे होते, खाली उतरून वर आलेली रेघ होती. मी वही मागे चाळली. माझ्या आधीच्या पानावर लिहिलं होतं: सुधावहिनी. खाली रकाने आखलेले. आकडा एकही नाही.

"हे काय?"

विनूभाऊ काटा पुसू लागले.

"तुमचा ताप सुरू व्हायच्या आधीचा आठवडा," ते म्हणाले. "वहिनी मला भाजी द्यायला आल्या. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी पान आखलं, काटा काढला, म्हटलं, वहिनी, दोन मिनिटं उभ्या राहता का? त्या हसल्या. भाऊजी, बायकांना वजन विचारत नाहीत, म्हणाल्या. मी काटा आत ठेवला."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं कुणाला न विचारता उचलून काट्यावर ठेवत आलो, आप्पा. एकदाच विचारलं."

वजनाने काही कळलं असतं, कळून काही टळलं असतं, असं मला वाटत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काटा पुसत राहिले.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचे हार घेऊन घरी आले आणि आठ दिवस टपरीवर दिसले नाहीत. नवव्या दिवशी मंगळवार होता. सकाळी सात वाजता मी काटा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"गाल रिकामे करा," मी म्हटलं.

त्यांनी कुर्त्याच्या दोन्ही खिशांत हात घातले आणि मूठभर सूर्यफुलाच्या बिया माझ्या ओंजळीत ठेवल्या.

काटा आता माझ्या घरी असतो. वही मी लिहितो. आज विनूभाऊंचं वजन सत्तावन्न किलो दोनशे भरलं. गेल्या मंगळवारपेक्षा शंभर ग्रॅम जास्त.