बर्फीला दही-साखर

“परीक्षेला निघाली होती का ती? का इंटरव्ह्यूला?”

“अगं, चांगल्या कामाला घरातून निघताना...”

“चांगलं काम! पिशवी काढायचीय तिची, मुंज नाही लावायचीय!”

विश्रांतवाडीच्या वस्तीतल्या समाजमंदिरासमोर कौशल्याबाई आणि त्यांचे यजमान हिंमतराव यांचं हे चाललं होतं आणि कुत्री-मांजरं घेऊन रांगेत उभी असलेली माणसं आपापली जनावरं विसरून ऐकत होती. भांडणाचं मूळ, म्हणजे बर्फी कुत्री, कपाळावर कुंकवाचं बोट घेऊन मधोमध बसली होती आणि मिशांची साखर चाटत होती.

कौशल्याबाई थकल्या होत्या. नुसत्या आजच्या नव्हे. बर्फी वर्षातून दोनदा वीत होती; बाळंतपण तिचं, निस्तरणं कौशल्याबाईंचं. (हिंमतरावांकडे बारशाचं खातं. पुरुषाला झेपेल तेवढंच द्यावं.) मागच्या खेपेची पिल्लं पिशवीत घालून त्या दारोदार फिरल्या. नव्या टॉवरमधल्या कॉम्प्युटरवाल्या पोरी “सो क्यूट!” म्हणून पिल्लू गालाला लावायच्या आणि परत पिशवीत ठेवायच्या. उरलेली दोन आळंदी रस्त्यावर कॉल सेंटरच्या सुमोखाली गेली. त्या दिवशी कौशल्याबाईंनी ठरवलं, आता बास.

नावापुरत्या पैशांत कुत्र्या-मांजरांची नसबंदी करणारी गाडी वस्तीत येणार असं कळल्याबरोबर त्यांनी जाऊन नंबर लावला. गाडीवरच्या डॉक्टर मिसबांनी बजावलं होतं, “रात्रीपासून पोटात काही नको. भुलीत ओकली तर जिवावर बेतेल.” कौशल्याबाईंनी पाव, बिस्किटं, खरकटं, सगळं फळीवर चढवलं. सगळ्याचा बंदोबस्त केला. नवऱ्याचा राहिला.

हिंमतराव कारखान्यातून रिटायर झालेले, मनाने लोणी. घरातून कुणीही मोठ्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवायची, हा त्यांचा नेम. पोराच्या दहावीला ठेवली, पोरगं आपटलं. तरी नेम ढळला नाही. (पोरगं दह्याने आपटलं नव्हतं म्हणा. बापावर गेलं होतं.) आज कौशल्याबाई चपला शोधत होत्या तेवढ्यात यांनी कार्यभाग उरकला.

“किती खाल्लं हिने?” डॉक्टर मिसबांनी विचारलं.

“जरासंच. बोटभर.”

“काका.”

“वाटीभर.”

“नुसतं दही?”

“आंबट होतं हो. पोळी कुस्करली एक.”

“एक?” हे कौशल्याबाई.

“कालची पण एक होती. वाया गेली असती.”

मागे मांजर कवटाळून उभ्या असलेल्या सुरय्याबी म्हणाल्या, “भाईसाब, ओटी पण भरून आणायची ना!”

रांग हसली. डॉक्टर मिसबा हसल्या नाहीत. “आत्ता भूल देता येणार नाही. आणि आमची गाडी या बाजूला परत येईल ती दिवाळीनंतरच.”

कौशल्याबाई पायरीवर बसल्या. दिवाळीनंतर म्हणजे मध्ये आणखी एक बाळंतपण. आणखी एक पिशवी, आणखी तेवढीच दारं, आणि तोच आळंदी रस्ता. त्या रडल्या नाहीत. रडायलाही अंगात दम लागतो.

त्यांच्याकडे बघून डॉक्टरीणबाईंनाच राहवलं नाही. “बरं, संध्याकाळचा शेवटचा नंबर देते. पण तोवर हिला इथंच बांधून ठेवा. एक घास नाही!”

इथं गप्प बसला असता तर तो नवरा कसला?

“संध्याकाळपर्यंत उपाशी?” हिंमतरावांचा आवाज चढला. “मुका जीव तो! दिवसभर उपाशी ठेवायचं आणि वर चाकू चालवायचा? ही कुठली माणुसकी? नको तो नंबर. मी घेऊन चाललो तिला घरी.” आणि त्यांनी खरंच साखळी ओढली.

ती साखळी पुढच्याच क्षणी त्यांच्या हातातून गळाली. मग कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन ते जे बसले, ते बर्फी आत जाऊन टाके घालून बाहेर आली तरी जागचे हलले नाहीत. कारण कौशल्याबाई उठल्या होत्या, पदर खोचला होता, आणि बाजारात भाजीवाल्याशी बोलावं तितक्या शांतपणे डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या होत्या, “मग तिचा नंबर फुकट कशाला घालवता? आज यांची संकष्टी आहे, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही; यांनाच घ्या आत.”